मदत हवी आहे: एकदाच चालवायच्या स्क्रिप्टचा कोड किती नीट लिहायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचे जुने वार्षिकांक कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत, सगळ्या वर्डच्या फायली. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा प्रमाण अक्षरसंचात आणायचं काम मी अंगावर घेतलंय, कारण आत्ता कृतिदेव नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि शोधायचं म्हटलं तर काहीच सापडत नाही. त्यासाठी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहितोय, फायली बदलून झाल्या की तिचं काम संपलं.

कोड अगदी कसातरी आहे. एकाखाली एक रिप्लेसच्या ओळी (हे अक्षर काढ, ते घाल), फंक्शन एकही नाही, फोल्डरचा पत्ता थेट कोडातच. ऑफिसातला मित्र म्हणतो असं लिहूच नये, नीट मॉड्यूल (वेगवेगळे भाग) पाड, कोड तपासणाऱ्या टेस्ट लिही, गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) टाक. या कामापुरतं मला ते पटत नाही. मला काळजी आहे ती मजकुराची, चुकीचं काही झालं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर पुढे तेच छापलं जाणार, लेखकाच्या नावासकट.

आता बघा, कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. म्हणजे उचलून पुढे न्यायची, पण 'स्थिती'त ती फक्त स् नाही तर अख्खा स्थ ओलांडून न्यावी लागते. रफाराचं बरोब्बर उलटं, तो शेवटी टाइप होतो आणि मागे आणायचा, 'कार्यकर्त्यांनी' मध्ये तर काना, अनुस्वार सगळं ओलांडून. शिवाय कृतिदेवच्या कुठल्या अक्षरासाठी युनिकोडचं कुठलं घालायचं याचा मला मिळालेला तक्ता हिंदीसाठी केलेला, त्यात 'दऱ्या'मधला ऱ्य नाहीच. आणि मधेच इंग्रजी फॉन्टमध्ये एखादा ईमेल पत्ता असेल तर त्याचंही देवनागरी होऊन बसतं, म्हणून प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट बघूनच बदलतोय.

मूळ फायलींना हात लावत नाही, नवीन फोल्डरमध्ये लिहितो, एवढी शिस्त पाळलीय. तपासायला मात्र दोनच गोष्टी सुचल्यात: वेलांटी किंवा मात्रेने सुरू होणारे शब्द शोधायचे, आणि एका अक्षरावर दोन मात्रा आल्यात का बघायचं. यातून 'दर्या' आणि 'दऱ्या'ची अदलाबदल सापडत नाही, दोन्ही शब्द बरोबरच दिसतात.

ज्यांनी अशी रूपांतरं केलीत त्यांनी सांगा, असल्या चुका कशा पकडल्या? आणि रिप्लेसच्या ओळी तशाच ठेवू की निदान तक्ता वेगळ्या फाइलमध्ये काढू? विचारतोय कारण शेजारच्या गावच्या वाचनालयाकडेही कृतिदेवातल्याच फायली आहेत असं कळलंय.