२४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरमागे काजू-आंब्याच्या बागेत स्लॅशर घ्यावा की मल्चर?

वाडीवाले

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात सात एकर उताराची जमीन आहे. साडेचार एकर काजू, वेंगुर्ला ४ आणि ७, अंतर ७ बाय ७ मीटर. उरलेल्यात जुने हापूस १० बाय १० वर. चार वर्षं बेणणी (गवत-झुडूप काढणं) धड झालेली नाही. गवत कमरेएवढं, त्यात रानमोडी आणि घाणेरी ही झुडपी तणं, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेने करवंदाच्या जाळ्या आणि कुड्याचे फुटवे. काही फुटवे अंगठ्याहून जाड आहेत. जांभ्याचे खडे सगळीकडे, मधूनच कातळ वर आलेला.

ट्रॅक्टर आहे: २४ एचपी, फोर व्हील, लिफ्ट ७५० किलो. दुकानदार ५ फुटी स्लॅशर (आडवी फिरणारी पाती असलेलं, गवत-झुडूप कापायचं यंत्र) घ्या म्हणतो. दुसरा म्हणतो मल्चर घ्या, काम सुबक होतं. परदेशी व्हिडिओत चाकांवरचा, स्वतःचं इंजिन असलेला, नुसता मागे ओढायचा कटरही दिसतो. आपल्या बागेत यातलं काय चालेल? काजू पडायला लागायच्या आत जमीन साफ हवी.

चिरेबंदी

वाडीवाले, रुंदी सगळ्यात शेवटी ठरवा. आधी दोन गोष्टी बघा: बागेतलं सर्वांत जाड खोड किती आणि दगड किती.

तुमच्याकडे दोन्ही आहे, म्हणून माझं मत स्लॅशर, तोही ४ फुटी आणि जड बांधणीचा. इंजिन २४ एचपीचं असलं तरी पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) साधारण २० एचपी मिळतात. झुडपात स्लॅशरला दर फुटाला ४ ते ५ पीटीओ एचपी धरायचे. ५ फुटीला २० ते २५ लागतील, म्हणजे सपाटीवरच इंजिनाचा दम संपला. वर चढ चढायचा असतो, त्याला काय उरणार? ४ फुटीला १६ ते २० लागतात, तिथे जमतं. एक माप मात्र घरीच घ्या. मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. हे अंतर ४ फुटांच्या आत असेल तर स्लॅशर चाकांचा पट्टा पूर्ण झाकतो. जास्त असेल तर चाकाखाली आडवं झालेलं गवत तसंच राहतं आणि चार दिवसांनी पुन्हा उभं होतं.

आता मल्चर. त्याच्या आडव्या रोलरवर वायच्या आकाराची पाती किंवा हातोडे लटकलेले असतात. गवत आणि कोवळी रानमोडी तो बारीक करून पसरतो, आच्छादन उत्तम होतं, दगडही स्लॅशरइतका लांब जात नाही. पण ४ फुटी हलका मल्चर, वाय पात्यांचा, बोटाएवढ्या लाकडाच्या पुढे जात नाही. जाड फुटव्यासाठी हातोड्यांचा घ्यावा लागतो, आणि त्याला दर फुटाला ६ एचपीच्या वर ताकद लागते. ती तुमच्याकडे नाही. शिवाय वर आलेल्या कातळावर एकदा आपटला की दहा-बारा पाती एकदम जातात. उरलेल्यांनी रोलरचा तोल बिघडतो आणि थरथरीने बेअरिंग बसतात. चार वर्षांचं रान काढायला हे यंत्र नव्हे. बाग एकदा ताब्यात आली आणि दरवर्षी नुसतं गवत मारायचं उरलं, की मल्चरचा विचार जरूर करा.

स्लॅशरलाही मर्यादा आहेच. हलक्या पत्र्याचा स्लॅशर २५ मिमी ओल्या खोडापर्यंत चालवावा, जड असेल तर ४० ते ५०. जाहिरातीतला आकडा ओल्या, मऊ लाकडाचा असतो. वाळलेला कुडा किंवा करवंदाचा जुना बुंधा त्यात धरू नका. ते आधी कोयत्याने किंवा चेनसॉने जमिनीलगत, सपाट कापून घ्या. तिरका काप ठेवलात तर तोच खुंट ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसतो.

माडबागायत

चाकांवरच्या, ओढायच्या कटरबद्दल चिरेबंदी काही बोलले नाहीत, म्हणून लिहितो. तो सपाट, मोठ्या कुरणासाठी आहे. त्याचे फायदे खरे आहेत: ट्रॅक्टरच्या लिफ्टवर वजन नाही, पीटीओ नसलेल्या जीपमागेही चालतो, स्वतःच्या चाकांवर असल्याने जमिनीचा चढउतार सावकाश पकडतो. पण ७ बाय ७ च्या काजूत फांद्या खाली आलेल्या असतात आणि झाडाच्या बुंध्यापाशी जाऊन मागे यावं लागतं. ओढायचं यंत्र रिव्हर्सला दुमडतं. कातळ आला तर थ्री-पॉइंटवरचा (ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडण्यांवर बसवलेला) स्लॅशर लिव्हर ओढून उचलता येतो, ओढायचा तिथल्या तिथे उचलता येत नाही. उतारावर तो ट्रॅक्टरला मागून ढकलतो, तेही वेगळंच. वर पेट्रोल इंजिनाची देखभाल वाढते. पीटीओ असलेला ट्रॅक्टर दारात असताना तो घेण्यात अर्थ नाही.

लिंकेजची खात्री करा. काही मिनी ट्रॅक्टरना अरुंद जोडणी असते, तिला वन-एन म्हणतात. खालच्या दोन पिनांमधलं अंतर तिथे साधारण ४०० मिमी, आणि नेहमीच्या कॅटेगरी एकमध्ये ६८३ मिमी. पीन दोन्हीकडे २२ मिमीचीच असते, त्यामुळे दुकानात नजरेने बघून फसगत होते. टेप घेऊनच जा.

४ फुटी जड स्लॅशर लिफ्टला जड नाही. अडचण पुढच्या चाकांची असते: चढावर स्लॅशर उचललेला असताना स्टिअरिंग हलकं लागलं तर पुढे वजनं टाका. आडव्या उतारावर फिरू नका, वरखाली चालवा. वळताना स्लॅशर खाली असू द्या, पीटीओ बंद ठेवून.

वाडीवाले

चिरेबंदी, माडबागायत, दोघांचेही आभार. म्हणजे ४ फुटी जड स्लॅशर. आणखी दोन शंका आहेत. माझ्या ट्रॅक्टरला पीटीओच्या दोन गती आहेत, मिनिटाला ५४० आणि ७५० फेरे. झुडपात ७५० वर टाकलं तर काम लवकर होईल का? आणि पीटीओपासून स्लॅशरपर्यंतच्या शाफ्टला शिअर बोल्ट (जास्त भार आला की तुटणारा) असलेला स्लॅशर घेऊ की स्लिप क्लचवाला (भार आला की घसरणारा)?

फिटरनाना

दादा, ७५० वर अजिबात नको. स्लॅशरच्या गिअरबॉक्सवर किंवा पाटीवर ५४० लिहिलेलं असेल तर ५४० च. गिअरबॉक्स १:१.४७ चा धरला तर पाती मिनिटाला जवळपास ७९० फेरे घेतात. ४ फुटीत पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. ७५० वर तोच ताशी २५० होतो आणि उडालेल्या खड्याची ताकद जवळपास दुप्पट. तुमच्याकडे जांभ्याचे खडे आहेत. पुढे आणि मागे दोन्हीकडे साखळ्यांचा पडदा असलेलाच स्लॅशर घ्या, आणि चालू असताना १०० मीटरच्या आत माणूस किंवा गुरं नकोत.

वेग वाढवायचा तो पीटीओचा नाही, आणि घटवायचाही नाही. थ्रॉटल ५४० च्या खुणेवर ठेवून गिअर खालचा टाका. गवतात ताशी ४-५ किलोमीटर, झुडपात २. फेरे कमी पडले की पातं कापत नाही, नुसतं ठेचतं, आणि इंजिन दमतं.

शिअर बोल्ट की स्लिप क्लच, तर तुमच्या कातळात स्लिप क्लच बरा, कारण दर अर्ध्या तासाला बोल्ट बदलत बसावं लागत नाही. पण त्याला सांभाळावं लागतं. चार महिने पावसाळ्यात पडून राहिला की प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात. मग तो घसरत नाही, आणि पहिल्याच खुंटावर गिअरबॉक्सचे दात जातात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट किती फेरे सोडले ते मोजून सैल करा, सगळ्या प्लेटांवरून रंगाची एक सरळ रेघ मारा, पीटीओ दोन-तीन सेकंद चालवून बंद करा. रेघ तुटली म्हणजे प्लेटा सुटल्या. नट पुन्हा तितकेच फेरे आवळा. पूर्ण आवळून टाकलेत तर क्लच असून नसल्यासारखा. शिअर बोल्टचा घेतलात तर कंपनीने दिलेल्या ग्रेडचाच बोल्ट. नरम बोल्टाच्या जागी डोक्यावर ८.८ लिहिलेला कडक बोल्ट टाकला की बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स मरतो.

शाफ्टची लांबी हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग. नवा शाफ्ट बहुतेक वेळा लांब असतो. स्लॅशर जोडा, हळूहळू उचला, शाफ्टची जागा सर्वांत आखूड कुठे होते ते बघा. त्या स्थितीत आतला पाइप तळाला टेकता कामा नये, २५ मिमी मोकळीक हवी. सर्वांत लांब स्थितीत दोन्ही पाइप एकमेकांत निदान एक तृतीयांश बसलेले हवेत. कापायचा तर आतला, बाहेरचा आणि दोन्ही प्लास्टिकचे गार्ड सारखेच कापा, कड कानशीने घासा, ग्रीस लावा. लांब राहिलेला शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग फोडतो, आखूड सुटून चाबकासारखा फिरतो. शाफ्टचे दोन आतले योक (सांध्याचे दुपाखी तुकडे) एका रेषेत बसवा, नाहीतर क्रॉस (सांध्यातला चार टोकांचा भाग) लवकर जातात. गार्ड काढून कधी चालवू नका. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. पदर, टॉवेल, सैल शर्ट, काहीही एकदा गुंडाळलं की हात सोडवायला वेळ मिळत नाही.

तुमच्या ट्रॅक्टरचा क्लच सिंगल असेल तर शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच (ताकद एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. तो नसेल तर तुम्ही क्लच दाबला तरी फिरणारी जड पाती उलटी ताकद देऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतात.

आणि बसवणी. डेक (पात्यांवरचं पत्र्याचं झाकण) पुढून मागच्यापेक्षा १५ ते २० मिमी खाली ठेवा, टॉप लिंकने (वरच्या जोडदांड्याने). पुढून उंच राहिला तर कापलेलं गवत पाती पुन्हा पुन्हा चघळतात आणि डिझेल जातं. तुमच्या जमिनीत उंची ४ इंचांखाली आणू नका. पहिला हात ९-१० इंचांवर मारा, लपलेले दगड आणि खुंट दिसू द्या, मग दुसरा हात खाली.

दर आठ तासांनी पात्यांचे बोल्ट बघा. पातं बोल्टाभोवती मोकळं फिरलं पाहिजे, दगड लागला की ते मागे दुमडतं आणि वाचतं. चिखल-गवताने घट्ट झालं तर सगळा झटका गिअरबॉक्सला. पाती बदलताना जोडीच बदला, एक नवं एक जुनं नको. धार वस्तऱ्यासारखी करू नका, दीड मिमी जाडी राहू द्या. डेकखाली हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती थांबलेली, आणि स्लॅशरखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रोलिकवर विसंबू नका. गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टवर तार किंवा ठिबकची नळी गुंडाळली गेली तर सील कापलं जातं आणि नव्वद नंबरचं तेल कधी संपलं कळत नाही. ठिबकच्या १६ मिमीच्या लॅटरल (झाडांपाशी जाणाऱ्या नळ्या) आधी उचलून झाडाला टांगा.

रानमोडी_विरोधी

यंत्रावर नानांनी सगळं सांगितलं, मी झाडांकडून लिहितो.

कापण्याची वेळ चुकली तर स्लॅशर रानमोडीचं बी पसरवायचंच काम करतो. तिला फुलं साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि बी वाऱ्याने उडतं. म्हणून पहिला हात पाऊस ओसरला की, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आणि दुसरा हात फुटवे कळीवर यायच्या आत. बुंध्यातून ती पुन्हा फुटणारच. एका कापणीने संपत नाही, पण दोन हंगाम फूल धरू दिलं नाही तर फुटव्याचा जोर ओसरतो. नवीन रोपं पावसाळ्यात जमीन ओली असताना हाताने उपटा, मुळं वरच असतात.

घाणेरी वेगळी. नुसती कापली तर पुढच्या वर्षी दुप्पट दाट येते. स्लॅशर मारल्यावर राहिलेल्या खुंटाचं मुख्य मूळ कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर तोडा आणि गड्डा उलटा करून वर ठेवा, मुळं आकाशाकडे. सात एकरांत हे काम मजुरांचंच आहे, यंत्राने होत नाही.

काजूच्या खोडापासून एक मीटर जागा स्लॅशरने मारूच नका, ती ग्रासकटरने किंवा विळ्याने. डेक घासून साल सोलली गेली की तिथे रोठ्याचा भुंगा अंडी घालायला जागा शोधतो, त्याची अळी खोड आणि मूळ पोखरते. बुंधा उघडा असेल तर भुसा पडलेला लगेच दिसतो. कापलेलं गवत आळ्यात पसरा पण बुंध्याला लावू नका. गडग्यालगत मात्र दोन मीटरचा पट्टा पूर्ण झाडून घ्या, वाळलेलं गवत तिथे राहिलं तर वणवा तिथूनच आत येतो.

आणि गमबूट घाला. जांभ्याच्या खडीत फुरसं, हा विषारी साप, गवताखाली पडून असतं, हाताने कापणारा माणूस आधी त्याच्यापर्यंत पोचतो.

वाडीवाले

फार उपयोग झाला. अनुदानात मिळेल का हा?

माडबागायत

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, दोन्हीला कमाल मर्यादा. पण पूर्वसंमती पत्र हातात पडल्याशिवाय खरेदी करू नका, आधीचं बिल धरलं जात नाही. मॉडेलचा तपासणी अहवाल आहे ना, हेही दुकानदाराला विचारा.

पैसे देण्याआधी ट्रॅक्टर दुकानात न्या. स्लॅशर जोडून पूर्ण वर उचला, डेकची पुढची कड टायरला किंवा शाफ्टला लागते का बघा. पाचेक मिनिटं ५४० वर चालवून थरथर आहे का ते हात न लावता, बाजूला उभं राहून बघा. पात्यांची एक जोडी, पात्यांचे बोल्ट आणि शाफ्टचे क्रॉस कुडाळ-कणकवलीत मिळतात का ते त्याच दिवशी विचारा. मागवून आणावे लागणार असतील तर एक संच स्लॅशरबरोबरच घ्या.