एअरसॉफ्ट सुरू करावं का? 'बाप्यांचा पोरखेळ' म्हणणाऱ्यांना उत्तर

शहापूरकर
एअरसॉफ्ट म्हणजे नकली बंदुकांनी प्लास्टिकचे छर्रे मारत खेळायची लुटुपुटूची लढाई. काल इथं, आपल्या बेळगावकरांच्या चर्चेत, एकांनी लिहिलं, "तिशीतले बाप्ये प्लास्टिकची बंदूक घेऊन झुडपात लपायलेत. एवढी हौस असेल तर भरतीला जा, नाहीतर तालमीत जा. ही सैन्याची टवाळी आहे." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बंगळूरला नोकरीला होतो तेव्हा भाड्याच्या साहित्यावर तीन रविवार खेळलो. आता स्वतःचं घ्यावं की नाही या विचारात आहे. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग फुटतो, सगळ्यांना दिसतो. इथं ०.२० ग्रॅमचा, ६ मिलीमीटरचा प्लास्टिकचा छर्रा लागून खाली पडतो, डाग राहत नाही. लागलं की आपणच हात वर करून "हिट" म्हणायचं आणि बाहेर जायचं. पहिल्याच दिवशी माझ्या कोपराला लागला. कुणीही पाहिलं नव्हतं. क्षणभर तसाच बसून राहिलो, गप्प राहायचा मोह झाला, मग हात वर केला. त्या एका क्षणासाठी मला हा खेळ आवडतो. यात टवाळी कुठं आली?

येळ्ळूरकर
ती पोस्ट माझीच. शब्द मागे घेत नाही. आमच्यात पोरं पहाटे पाचला मातीत उतरायची, आता आखाड्यात चौघं येतात. तुमच्या बंदुकीच्या पैशात एका पोराचा खुराक भागेल.

आणि हे ऐका. जत्रेत मिळतात ना पिस्तुलं, पिवळ्या छर्‍यांची? तेही ६ मिलीमीटरचेच. माझ्या आत्तेभावाच्या डोळ्यात गेला, आत रक्त साकळलं, आठ दिवस पट्टी होती. आजही संध्याकाळी समोरून गाडीचा दिवा आला की तो मान फिरवतो. तुमचा तो क्षण तुमच्याजवळ ठेवा.

उद्यमबागवाला
काका, भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण त्यानं गॉगल घातला नव्हता. खेळात चारी बाजूंनी बंद गॉगल नसेल तर मैदानात घेतच नाहीत. खेळाआधी प्रत्येक बंदुकीचा वेग मोजतात. ०.२० ग्रॅमला सेकंदाला ३५० फूट धरला तर जोर १.१ ज्यूलच्या आसपास येतो. जत्रेत कोण मोजतोय?
शहापूरकर, तुम्ही घ्याच. खानापूरकडं जांबोटीच्या पुढं जंगलात जाऊ, फुकट मैदान.

कॅम्पातला
माझे वडील मराठा लाईट इन्फंट्रीत होते. टवाळी वगैरे वाटत नाही, ते स्वतः दिवाळीत आमच्या किल्ल्यावर मावळे मांडायचे. माझी भीती वेगळीच आहे. आपल्या गावात रेजिमेंटल सेंटर आहे, कमांडो कोर्स चालतो. हुबेहूब रायफल खांद्याला लावून स्कूटरवरून कॅम्पातनं निघालात तर नाक्यावरच्या जवानाला ती प्लास्टिकची आहे हे कसं कळायचं? बंद पेटीत, गाडीच्या डिकीत, एवढंच.

टिळकवाडीची वकील
आणि कायदा? शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलीमीटरपर्यंत नळीचं भोक आणि २० ज्यूलपर्यंत जोर असेल तर एअरगनला परवाना लागत नाही. एअरसॉफ्टचा जोर किरकोळ, पण छर्राच ६ मिलीमीटरचा. म्हणजे कागदावर अडचण उभी. बाहेरून मागवाल आणि कस्टममध्ये अडकेल, मग माझ्याकडे येऊ नका. आधी लेखी विचारा, मग पैसे द्या.

खानापूरकर
बाकीचं राहू दे. उद्यमबागवाले, "फुकट मैदान" कुणाला म्हणालात?

ते आमचं रान आहे. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, तेव्हापासून आम्हाला वाळलेलं लाकूड उचलायलाही दहा वेळा विचार करावा लागतो. आणि तुम्ही शहरातनं येऊन छर्रे सांडणार? हिशोब करा. दहा माणसं, प्रत्येकी तीनशेची तीन मॅगझिनं, म्हणजे नऊ हजार छर्रे. ०.२० ग्रॅमनं पावणेदोन किलोच्या वर प्लास्टिक, एका रविवारी. मलप्रभा नदी इथंच कणकुंबीला उगम पावते. आमच्या पावसात ते सगळं ओढ्यानं तिच्यात जाणार.

गेल्या मे महिन्यात माझ्या म्हशीच्या शेणात बाटलीचं झाकण निघालं. हातानं काढलं मी.

उद्यमबागवाला
अहो, विरघळणारे छर्रे मिळतात! उगाच आग लावू नका. चोर्ला घाटातनं गोव्याला जाणाऱ्या गाड्या बाटल्या टाकतात, त्यांना बोला आधी.

खानापूरकर
त्यांनाही बोलतो, रस्त्यावर उभा राहून बोलतो. शिव्या खाल्ल्यात. आणि विरघळणारे म्हणजे पीएलए, मक्या-बिक्यापासून केलेलं प्लास्टिक ना? माझी मुलगी कृषी शिकते, तिनं सांगितलं, ते नीट कुजायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. जांबोटीच्या पाचोळ्यात ती कुठनं येणार? वर्षानुवर्षं तसेच पडून राहतील. पाखरं दाणे समजून टिपतील.

कॅम्पातला
खानापूरकरांचं बरोबर आहे. रानात नको.

उद्यमबागवाला
"फुकट मैदान" हा शब्द चुकला. पीएलएचं मला माहीत नव्हतं, दुकानदार सांगतो ते मी खरं धरलं. पण आवाज चढवायची गरज नव्हती. माझ्या चुलत्यांची फाउंड्री बंद आहे, शेड रिकामी आहे. खाली कोबा आहे, छर्रे झाडून गोळा होतात. भिंतींना गोणपाट लावू, म्हणजे उसळून लागणार नाहीत.

शहापूरकर
ठरवलं. बंदूक आत्ता घेत नाही, वकीलताईंनी सांगितलेलं लेखी उत्तर येईपर्यंत तरी नाही. पहिले पैसे गॉगलला. बंगळूरचा मित्र त्याच्या गाडीतनं बंद पेटीत चार बंदुका आणतोय. रविवारी सकाळी नऊला तिसऱ्या रेल्वे गेटजवळ भेटू, तिथनं शेडवर. जाताना झाडून, मोजून पिशवीत भरल्याशिवाय कुणी निघायचं नाही.

येळ्ळूरकर काका, तालमीचं तुमचं खरं आहे. मी दहावीला आखाडा सोडला तो एअरसॉफ्टमुळे नाही, गुडघ्यामुळे.

येळ्ळूरकर
गुडघ्याचं आधी सांगायचं होतंस. मी येणार नाही. भाचा हट्ट धरून बसलाय, त्याला पाठवतो. गॉगल मी स्वतः बघून घेईन, पट्टा ढिला असला तर परत आणेन.