मदत हवी आहे: ऑनलाईन तासाला खचलेल्या ज्येष्ठ सरांना आधार कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी, मी कोकणातल्या एका अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका, चार्ज घेऊन दीड वर्ष झालं. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आमच्याकडे जुलैत रेड अलर्ट आला की कलेक्टरांचा सुट्टीचा आदेश येतो, कधी आठवड्यात तीन तीन दिवस, मग दहावीचा पोर्शन मागे पडू नये म्हणून त्या दिवशी गुगल मीटवर दोन तास घेतो. बाकीचे शिक्षक रुळलेत, अडलंय ते गणिताच्या सरांचं. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली, फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढतात आणि ते गोलच येतं. मी स्वतः त्यांची विद्यार्थिनी.

गेल्या आठवड्यात त्यांच्या तासाला न सांगता जॉईन झाले. मोबाईल खडूच्या डब्याला टेकवलेला, अर्धाच फळा दिसतोय, सर "कळलं का रे?" विचारून थांबले तर समोर चाळीस काळे चौकोन, कोणी हूं की चूं नाही. वर्गात ते पोरांचे डोळे बघून पुढची पायरी घेतात, इथे बघायला डोळेच नाहीत ना. तेवढ्यात त्यांना यादीत माझं नाव दिसलं आणि खडू हातात धरून तसेच उभे राहिले, मग समरूपतेचं उदाहरण मध्येच सोडून भलतंच घेतलं. त्या तासाची क्लिप कोणीतरी स्क्रीन रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आले, म्हणाले "मॅडम, हे तास दुसऱ्या कुणाला द्या." आजवर मला नावानेच हाक मारायचे, त्या दिवशी मॅडम म्हणाले. रात्रभर झोप नाही मला.

ट्रेनिंग झालं नाही असं नाही हो. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे निष्ठा नावाचे शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स सगळ्यांनी केले, सर्टिफिकेटं फाईलला लागली, २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर शिक्षकाने वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे. पण पोरं गप्प बसली की काय करायचं ते सरांना कोणी समोर बसून दाखवलं नाही. मध्ये सर कष्टाने जॅमबोर्ड, म्हणजे गुगलचा ऑनलाईन फळा, शिकले तर ते २०२४ संपता संपता बंदच झालं.

त्यात संस्थेला प्रत्येक ऑनलाईन तासाचा निरीक्षण तक्ता हवाय. मी तासाला बसले तर सरांना तपासणी वाटते, नाही बसले तर ते एकटे पडतात. कोणी यातून गेलंय का? आणि क्लिपचं पालकांशी कसं बोलू?

प्रतिसाद १
ताई, मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुख्याध्यापक होतो म्हणून सांगतो, लिंकवरून जॉईन होऊ नका, त्याच खोलीत सरांच्या बाजूला बसा. मोबाईल तुम्ही सांभाळा, चॅट तुम्ही वाचा, कोण आलं गेलं तुम्ही बघा, सरांच्या हातात फक्त खडू. मोबाईलला स्टँड घ्या आणि फळ्यावर खडूने चौकट आखून द्या, तेवढंच कॅमेऱ्यात येतं हे सरांना कळतं. "कळलं का" विचारायचं नाही, उत्तराचा आकडा चॅटमध्ये टाकायला सांगायचं, आकडे यायला लागले की मास्तराला पोरं दिसायला लागतात. आणि आधी एकदा स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांना विद्यार्थी करून तालीम घ्या, त्या दिवशी तक्ता नको.
क्लिपचं म्हणाल तर स्क्रीन रेकॉर्डिंग कुठल्याही सेटिंगने पूर्ण थांबत नाही, पालकसभेत तुम्ही स्वतः बोला, सरांना खुलासा द्यायला लावू नका.

प्रतिसाद २
दुजोरा. माझ्याही शाळेत एका बाईंना नेटपेक्षा साहेबांचीच धास्ती होती. संस्थेला लेखी कळवा की पहिले दोन महिने निरीक्षण नाही, सोबत बसणं आहे.

धागाकर्ती
सर, बाजूला बसायचं मला सुचलंच नव्हतं, मी केबिनमधून बघत बसले होते हीच चूक झाली. संस्थेचं पत्र आजच लिहायला घेते. शनिवारी तालीम ठेवलीय, सरांना म्हटलं मी पहिल्या बाकावर बसते, तुम्ही मला समरूपता पुन्हा शिकवा. हो म्हणालेत. स्टँड साधारण कितीला पडतो आणि फळा चमकतो त्यावर काही उपाय आहे का? आमच्या खोलीत खिडकी फळ्याच्या अगदी समोर आहे.