रेडिएशन चालू असताना हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

मोगरा_डोंबिवली:
बाबांचं (६३) गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता परळला रेडिएशन चालू आहे, ३० शेक (रेडिएशनच्या वेळा) सांगितलेत त्यातले ११ झाले. रोज लोकलने जातो, दिव्यांग डब्यात बसायला मिळतं म्हणून निभतंय. शेक देताना डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मास्कची जाळी गालावर उमटते ती ठाणं येईपर्यंत जात नाही. आता तोंड आलंय, आमटी पण झोंबते, पेज आणि दूधभात एवढंच जातं. आत्या गावाहून गुळवेलाचा काढा आणि हळदीच्या कॅप्सूल, त्या मिरीच्या अर्कवाल्या, घेऊन आलीये, म्हणते लाईटची, म्हणजे रेडिएशनची, उष्णता उतरते. पदरचे पैसे घालून आणलंय तिने, मन मोडवत नाही. बाबा डॉक्टरांना विचारू देत नाहीत, ओरडतील म्हणतात. कोणी दिलंय का असं काही?

मशीनरूम_१४:
ताई, मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं झाली. कॅप्सूल आत्ता नको. शेक काम कसं करतो बघा, किरण पेशीतल्या पाण्यावर आदळून फ्री रॅडिकल्स, म्हणजे दिसेल त्यावर तुटून पडणारे कण, तयार करतात आणि ते गाठीच्या पेशींचा डीएनए तोडतात, बरंचसं नुकसान असंच होतं. हळदीतलं कर्क्युमिन अँटिऑक्सिडंट, म्हणजे याच फ्री रॅडिकल्सना विझवणारं. लॅबमध्ये ते गाठीला शेकापुढे उलट नाजूक करतं असंही दिसलंय, पण माणसात काय? अमेरिकेत ३० ब्रेस्ट कॅन्सर पेशंटना रोज ६ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तेव्हा कातडी कमी भाजली, २०१३ची गोष्ट, सगळे खूश. मग ६८६ पेशंटवर केलं तर फरकच नाही. आणि ६ ग्रॅम म्हणजे किती, हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे रोज २०० ग्रॅम हळद! भाजीतल्या चिमूटभर हळदीची भीती अजिबात बाळगू नका, प्रश्न कॅप्सूलचा आहे. मिरीचा अर्क तर औषधं पचवायची लिव्हरची यंत्रणाच अडवतो, बाबांना बीपी शुगरच्या गोळ्या असतील तर त्यांचा डोस रक्तात वाढू शकतो.

कॅनडात तोंड-घशाच्या ५४० पेशंटवर व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन या अशाच अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा प्रयोग झाला होता, शेकाचा त्रास कमी झाला पण पुढच्या वर्षांत गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. ते वाचल्यापासून मी घरच्यांनाही हेच सांगतो.

रानवाटा:
झाडपाल्याला सरसकट नावं नका ठेवू हो. व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध आपल्या कुंडीतल्या सदाफुलीतून आलंय.

मशीनरूम_१४:
अगदी खरं, पण शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर निघतं आणि मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. कोणी सदाफुलीचा काढा पिऊन बरं झालेलं नाही.

वसईची_सून:
मी गुळवेलाबद्दल सांगते. दिरांना घशाचा होता, आम्ही लपवून काढा दिला, चांगलंच करतोय असं वाटायचं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हर बिघडलेलं आलं, चार दिवस शेक थांबले, आणि घशाच्या शेकात खाडे पडलेले चालत नाहीत हे तेव्हा कळलं. अजून झोप लागत नाही आठवलं की. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलंय, ते मी नंतर वाचलं. लपवू नकोस गं.
बाहेरच्या कातडीसाठी कॅलेंड्युलाचं मलम विचारून बघ, फ्रान्समध्ये २५४ बायकांवर तपासलं तेव्हा जास्त भाजण्याचं प्रमाण ६३ वरून ४१ टक्क्यांवर आलं होतं. आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे हं तो, वेगळं झाड. आणि शेकाला जाताना जाड थर लावून जायचं नाही.

मोगरा_डोंबिवली:
काल सगळ्या बाटल्या पिशवीत घालून ओपीडीत नेल्या, बाबा बाहेरच बसले. डॉक्टर ओरडले वगैरे काही नाही, लेबलं वाचली, कॅप्सूल आणि काढा बंद, जेवणातली हळद चालेल म्हणाले. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून सहा-सात वेळा आणि गिळायच्या आधी लावायचं एक जेल दिलंय. वजन तीन किलो उतरलंय त्याचीच त्यांना जास्त काळजी वाटली. आत्या आधी गप्प झाली, मग संध्याकाळी मुगाची खिचडी मिक्सरमधून काढून वर चमचाभर तूप सोडून घेऊन आली, बाबांनी अर्धी वाटी खाल्ली. आज १३वा झाला.