‘फेन्स इन’ : कुंपण घालणं की कोंडणं?

इंग्रजी ‘फेन्स इन’ या क्रियापदाचा अर्थ ‘कुंपण घालणे’ असा पाठ केला की निम्मी वाक्यं सुटतात आणि उरलेली फसतात. ‘दे फेन्स्ड इन द गार्डन’ म्हणजे त्यांनी बागेला कुंपण घातलं. इथवर ठीक. पण ‘दे फेन्स्ड द डॉग्ज इन’? ‘कुत्र्यांना कुंपण घातलं’ म्हटलं तर हसं होईल. मराठीत कुंपण जागेला घालतात, जिवाला नाही. इंग्रजीत मात्र जागा आणि जीव दोन्ही या क्रियापदाचं कर्म होऊ शकतात. तिथे आपल्याला ‘कुत्री बाहेर पळू नयेत म्हणून कुंपण घातलं’ असं उलगडून सांगावं लागतं.

खरी गंमत त्या ‘इन’मध्ये आहे. कुंपण कोणाला अडवतंय, हे मराठी क्रियापद सांगत नाही. ‘इन’ सांगतं, आतला बाहेर जायला नको. ‘आउट’ लावलं की बाहेरचा आत यायला नको. ‘ऑफ’ म्हणजे मोठ्या जागेतला एखादा तुकडा अडवून वेगळा काढणं. हा नुसता व्याकरणाचा कीस नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोकळ्या चराऊ मुलखात ‘फेन्स आउट’चा नियम असे : गुरं मोकाट, पीक वाचवायचं तर कुंपण शेतकऱ्याने घालायचं. ‘फेन्स इन’च्या नियमात तीच जबाबदारी गुरांच्या मालकावर. खर्च कोणाच्या माथी, हे एवढ्याशा शब्दावर ठरे. (जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचं पेटंट मिळालं ते १८७४ साली, त्याआधी झाडं नसलेल्या माळावर लांबलचक कुंपण घालणं म्हणजे दिव्यच.)

लाक्षणिक अर्थाने ‘आय फील फेन्स्ड इन’ आलं की कुंपण सोडूनच द्यावं. आपल्या मनात कुंपण म्हणजे राखणदार. म्हणून तर ‘कुंपणच शेत खातं’ हा विश्वासघात वाटतो. इंग्रजी ‘फेन्स’देखील मुळात ‘डिफेन्स’चाच आखूड झालेला शब्द. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ इथे कुंपण मर्यादा दाखवतं खरं, पण ती सरड्याच्या कुवतीची. त्याला कोणी डांबलेलं नाही. त्यामुळे ‘कोंडल्यासारखं झालंय’ हेच मला जवळचं वाटतं. नियम-अटींबद्दल बोलणं चाललं असेल तर ‘हात बांधलेत’.

‘हेम इन’ याच्या शेजारचं. हेम म्हणजे कापडाची दुमडून शिवलेली कड. डोंगरांनी वेढलेलं गाव ‘हेम्ड इन’ असतं. ‘फेन्स्ड इन’ म्हटलं तर कोणीतरी मुद्दाम अडवल्याची छटा येते.

आणि एक नेहमीची चूक : कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येतं. ‘फेन्स देम इन’ बरोबर, ‘फेन्स इन देम’ नाही.