‘कोणी बघत नसते’ हे मला पटलेले नाही

पिंपळगावकर:
‘निर्भय’ यांनी परवा येथे लिहिले की, स्वतःविषयी खरे लिहायला घाबरू नका, कारण तुम्हाला वाटते तितके कोणी तुमच्याकडे बघत नसते. दाखल्यासाठी त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग दिला. बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्याला खोलीत पाठवले. जवळजवळ निम्म्या लोकांनी ते चित्र ओळखले असेल असे त्याला वाटले, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ओळखले. प्रयोगाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या खोलीतल्या कोणालाही त्या विद्यार्थ्याच्या बहिणीचे स्थळ बघायचे नव्हते.

२०१४ च्या मार्चमधील गारपिटीत माझी तीन एकर थॉमसन द्राक्षे काढणीच्या तोंडावर गेली. त्याआधीच्या हंगामात एका व्यापाऱ्याचा चेक वटला नव्हता, सोसायटीचे कर्ज थकलेले होते, म्हणून बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि सासुरवाडीला ‘घडवायला टाकल्या आहेत’ असे सांगितले. काही वर्षांनी हे सगळे मी जसेच्या तसे लिहिले. अनोळखी लोकांनी फार कौतुक केले. भावकीने मात्र तो मजकूर एकमेकांना वाचून दाखवला, मुलीचे जवळजवळ ठरलेले स्थळ ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून फिरले आणि बायको दोन वर्षे माहेरच्या लग्नकार्यात पाहुण्यासारखी जाऊन आली. धाडस माझे होते, भरपाई तिने केली. तेव्हा भीती हा मनाचा खेळ आहे, असे मला कोणी सांगू नये.

निर्भय:
आपल्या दुःखाविषयी आदर ठेवून सांगतो की, आपण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत आहात. त्रास खरे लिहिल्याने झाला नाही. आधी खोटे सांगितल्याने झाला. शिवाय गारपीट झाली म्हणून जे घर मागे फिरते, त्या घरी मुलगी गेली नाही याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. लिहिल्याने प्रकृती सुधारते हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांनी १९८६ मध्येच दाखवून दिलेले आहे.

सावानाची पायरी:
पेनेबेकर यांचे नाव घेतलेच आहे, तर ते पूर्ण घ्यावे. त्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील दुखऱ्या प्रसंगांविषयी लिहिले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण ते कागद त्यांच्या आईने, काकाने किंवा शेजाऱ्याने वाचले नव्हते. ते गोपनीय होते. म्हणजे आपल्या दाखल्यावरून निघते ते इतकेच की लिहावे. चारचौघांत मांडावे, हे त्यातून निघत नाही. आणि स्वतःचे नाव झाकून ‘निर्भय’ या नावाने इतरांना धीर देणे मला थोडे गमतीचे वाटते.

निर्भय:
ज्या गावाने शिरवाडकरांना कुसुमाग्रज म्हणून डोक्यावर घेतले, तिथे टोपणनावाची थट्टा व्हावी, याचे आश्चर्य वाटते.

सावानाची पायरी:
कुसुमाग्रज म्हणजे कोण, हे साऱ्या नाशिकला ठाऊक होते. आपण कोण, हे सांगा. मी शब्द मागे घेतो.

बागलाणची लेक:
तुमचे भांडण चालू द्या, पण ज्यांना स्थळ, भावकी, पाटल्या इथवर पोहोचूच दिले जात नाही, त्यांचे काय? मी सटाण्याकडची. आमच्या घरी अहिराणी बोलतात. नाशिकला कॉलेजात आले तेव्हा ‘कथा चालनी?’ (कुठे चाललीस?) एवढे तोंडातून निघाले आणि वर्ष संपेपर्यंत मुली मला त्याच नावाने हाका मारत होत्या. गेल्या वर्षी मी ते येथे लिहिले. त्यावर पहिले उत्तर आले ते असे: “भावना पोहोचल्या, पण ‘पानी’ नव्हे, ‘पाणी’.” मी काय लिहिले आहे याची भीती मला तेव्हाही नव्हती, आताही नाही, मी कशी लिहिते याची आहे.

निवृत्त गुरुजी:
ते उत्तर माझेच होते आणि मी ते मागे घेणार नाही. छत्तीस वर्षे वर्गावर घालवली आहेत. मजकूर कितीही खरा असला तरी शब्दागणिक ठेच लागली की वाचणारा थांबतो. लेखनाचे नियम सर्वांना सारखेच असतात.

बागलाणची लेक:
गुरुजी, मी रडत लिहिले आणि तुम्ही णकार मोजलेत. नियम सारखे असतील, पण ज्यांच्या घरची बोली नियमांच्या जवळची आहे, त्यांनी त्यासाठी काय घाम गाळला?

निर्भय:
ताईंचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याच शेजारच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, तरी त्यांच्या आत्मचरित्राची, ‘स्मृतिचित्रे’ची, पाने आजही वाचली जातात. त्यांनी आधी शुद्धलेखन शिकायचे ठरवले असते, तर मराठी मुकली असती.

निवृत्त गुरुजी:
लक्ष्मीबाईंना मध्ये ओढू नका. त्यांच्या वाक्याला जो घाट आहे, तो आणा आणि मग सवलत मागा.

बागलाणची लेक:
सवलत मागितली कोणी? आणि ज्या नियमांवर तुम्ही आमचे कान पिळता, ते साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ चा. तेव्हा तुम्ही असता, तर त्यांच्याही वहीवर लाल रेघा ओढल्या असत्या.

निवृत्त गुरुजी:
ओढल्या असत्या. (आणि लक्ष्मीबाईंनी माझे ऐकले नसते, हेही मान्य करतो.) ‘पाणी’ची दुरुस्ती मी निरोप पाठवून खासगीत करायला हवी होती. दुरुस्ती चुकीची होती, असे मात्र म्हणणार नाही.

बागलाणची लेक:
एवढ्यासाठी वर्ष लागले. धन्यवाद.

पिंपळगावकर:
माझा विषय वेलांटीत वाहून गेला, तरी लक्ष्मीबाईंचे नाव निघाले, हे बरे झाले. त्यांनी पतीचा राग, लहर, १८९५ मध्ये तो ख्रिस्ती झाल्यानंतरची ताटातूट, सगळे लिहिले. पण ते पती, कवी ना. वा. टिळक, १९१९ मध्ये वारले आणि पुस्तक आले पंधरा वर्षांनी. ज्यांच्याविषयी लिहायचे, ते वाचायला नव्हते. माझी बायको रोज सकाळी मला चहा देते.

निर्भय:
म्हणजे घरातले सगळे जाईपर्यंत तोंड मिटून बसायचे? वडिलांच्या दारूविषयी मी ते असतानाच लिहिले. त्यांनी वाचले, आठवडाभर बोलले नाहीत, मग एकदा जेवताना म्हणाले, “दोन गोष्टी तू कमीच लिहिल्यास.” मी थांबलो असतो, तर हे वाक्य मला मिळाले नसते.

पिंपळगावकर:
हे आधी लिहिले असते, तर मी इतका चिडलो नसतो. आपल्या वडिलांनी वाचून उत्तर दिले; माझ्या बायकोला ते तिच्या भावाकडून कळले. लिहिण्याआधी मी तिला विचारायला हवे होते, इतके मी मान्य करतो. आपला टी-शर्ट मात्र मान्य नाही.

सावानाची पायरी:
मग हा धागा काढण्याआधी तरी विचारलेत का?

पिंपळगावकर:
विचारले. तिने पाटल्यांचे राहू दिले, व्यापाऱ्याचे नाव काढायला लावले आणि आणखी दोन ओळी खोडल्या. त्या कोणत्या, ते येथे लिहिणार नाही.