मदत हवी आहे : फॅक्टरी मेथड वापरल्यापासून दुधाची पावती कोरी येतेय

दूधवाला_जावा :

राम राम मंडळी. काकांच्या दूध संकलन केंद्रासाठी जावा १७ मध्ये छोटा प्रोग्राम लिहितोय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकलं की दर निघतो आणि पावती छापली जाते. आधी सगळं एकाच क्लासात कोंबलं होतं. थर्मल प्रिंटर असेल तर हे, पीडीएफ असेल तर ते, नुसत्या इफ-एल्सच्या माळा. मग फॅक्टरी मेथड (कुठला ऑब्जेक्ट बनवायचा ते खालच्या क्लासवर, म्हणजे सबक्लासवर, सोपवणारी मेथड) वाचनात आली आणि हौसेनं चालतं घर मोडून नवं बांधायला घेतलं.

आताची मांडणी : 'पावतीकाम' हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास. त्यात 'छपाईबनव' ही अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड (वर नुसतं नाव, आतला कोड सबक्लासनं लिहायचा), हीच माझी फॅक्टरी मेथड. पावतीकामच्या कन्स्ट्रक्टरमधूनच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) ती कॉल करतो आणि मिळालेला ऑब्जेक्ट फील्डमध्ये ठेवतो. 'थर्मलपावती' हा सबक्लास ती ओव्हरराइड करतो, म्हणजे आपल्या पद्धतीनं लिहितो. त्याचं स्वतःचं 'रुंदी' हे इंट फील्ड आहे, तिथल्या तिथे ३२ दिलेलं (५८ मिमीच्या रोलवर ओळीला ३२ अक्षरं). छपाईचा ऑब्जेक्ट बनवताना हीच रुंदी त्याला देतो, आणि तो प्रत्येक ओळ तेवढ्यावर कापून प्रिंटरला पाठवतो.

एरर नाही, वॉर्निंग नाही. कागद सरकतो, पावती कोरी! छपाईच्या ऑब्जेक्टमध्ये रुंदी पाहिली तर ०. पण थर्मलपावतीचं फील्ड डीबगरमध्ये बघितलं तर ३२च दिसतंय. पीडीएफवाला सबक्लास मात्र व्यवस्थित चालतो. दोन रात्री गेल्या, काका परत वहीवर आलेत आणि रोज सकाळी माझ्याकडे बघून हसतात. कुठे चुकतंय?

घाटावरचा :

रोल उलटा बसवलाय का? थर्मल कागदाला एकाच बाजूला लेप असतो. हसू नका, माझी यात अख्खी दुपार गेली आहे.

दूधवाला_जावा :

तेच आधी तपासलं दादा. जुना प्रोग्राम त्याच रोलवर झकास छापतोय.

सेमीकोलन :

रुंदीला फायनल करून बघा, म्हणजे एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येणार नाही.

दूधवाला_जावा :

अरेच्चा! फायनल लिहिलं आणि पावती आली! पण का? आधीही रुंदी कुठेच बदलत नव्हतो. धन्यवाद, धागा बंद करू का?

जुनी_खोड :

थांबा, बंद करू नका. दुखणं गेलेलं नाही, नुसतं झाकलंय.

जावात सबक्लासचा ऑब्जेक्ट तयार होताना आधी वरच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर पुरा होतो, मग सबक्लासच्या फील्डना त्यांच्या किमती मिळतात. तुम्ही वरच्या कन्स्ट्रक्टरमधूनच छपाईबनव कॉल केली. ओव्हरराइड झालेली मेथड चालली, पण तोवर रुंदीत ३२ आलेलेच नव्हते. इंटची मूळ किंमत ०, तीच छपाईच्या ऑब्जेक्टला गेली. नंतर फील्ड ३२ झालं, पण ऑब्जेक्ट ० घेऊन केव्हाच बसला होता. म्हणून डीबगर खरं बोलत होता आणि पावतीही. पीडीएफवाल्याला स्वतःचं फील्ड नसणार, म्हणून तो वाचला.

आता फायनलची जादू. फायनल फील्डला जागीच सरळ आकडा दिला, की कंपायलर त्याला स्थिरांक मानतो आणि जिथे जिथे रुंदी लिहिलंय तिथे थेट ३२ बसवतो. फील्ड वाचलंच जात नाही. उद्या ८० मिमीचा प्रिंटर येईल, रुंदी सेटिंगच्या फाइलमधून वाचाल, आणि फायनल असूनही पुन्हा कोरा कागद. रुंदीऐवजी पोर्टचं नाव अशा फील्डमध्ये असतं तर नल (म्हणजे काहीच नाही) मिळाला असता आणि पहिल्याच दिवशी आरडाओरड झाली असती. शून्य गुपचूप बसतं.

उपाय सोपा आहे : फॅक्टरी मेथड कन्स्ट्रक्टरमधून काढा. पावतीकामच्या 'पावतीकाढ' मेथडमध्ये, खरोखर छापायची वेळ येईल तेव्हा कॉल करा. एकच ऑब्जेक्ट पुन्हा वापरायचा असेल तर फील्ड नल आहे का बघा, असेल तर बनवा, नाहीतर आहे तोच द्या. जावाच्या लिस्टमधली इटरेटर (लिस्टमधल्या गोष्टी एकेक करून देणारा ऑब्जेक्ट) देणारी मेथड हीसुद्धा फॅक्टरी मेथडच. अ‍ॅरेलिस्ट आपला इटरेटर देते, लिंक्डलिस्ट आपला. पण तो लिस्ट जन्मताना बनत नाही, लूप मागेल तेव्हा बनतो.

ही ठेच जुनी आहे. १९९४ साली चौघा लेखकांचं डिझाइन पॅटर्नचं (फॅक्टरी मेथडसारख्या ठरावीक मांडण्यांचं) पुस्तक आलं, त्यातही सी प्लस प्लसच्या संदर्भात कन्स्ट्रक्टरमधून फॅक्टरी मेथड कॉल करू नका असं बजावलं आहे. तिथे तर कन्स्ट्रक्टर चालू असताना सबक्लासची मेथड चालतच नाही. वॉर्निंग आली नाही म्हणालात, तर जावा २१ पासून कंपायलरला 'धिस-एस्केप' नावाचा लिंट (संशयास्पद कोडवर बोट ठेवणारी तपासणी) आहे. तो चालू केला की असल्या जागा दाखवतो. तुम्ही १७ वर आहात.

सेमीकोलन :

मान्य, माझा फायनलचा सल्ला अर्धवट होता. पण मुळात दोन प्रकारच्या छपाईसाठी सबक्लास हवेतच कशाला? पावतीकाम साधा क्लास ठेवा आणि छपाईचा ऑब्जेक्ट बाहेरून कन्स्ट्रक्टरला द्या. हा सगळा घोळच उरत नाही.

जुनी_खोड :

यांच्या पावतीकामाला दुसरं काही वेगळं नसेल तर मीही तेच करीन. थर्मलची पावती आणि पीडीएफचं दहा दिवसांचं बिल यांच्या पायऱ्याच वेगळ्या असतील, तर मात्र सबक्लास आणि फॅक्टरी मेथड शोभते.

दूधवाला_जावा :

पायऱ्या वेगळ्याच आहेत, बिलात पशुखाद्याची उचल कापायची असते. म्हणून सबक्लास ठेवले, कॉल पावतीकाढमध्ये हलवला, फायनल काढून टाकलं आणि रुंदी फाइलमधून वाचली. आज सकाळी पहिली पावती आली : म्हैस, ४.५ लिटर, फॅट ६.८. काकांनी पावती खिशात घातली, पण वही अजून टेबलावरच आहे.